पोटात जुळी आहेत? मग बाळंतपणाच्या तयारीत या चुका टाळा

सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की घरातून पहिला प्रश्न येतो, "नॉर्मल होईल ना?" दुसरा येतो, "दोघांची डोकी खाली आहेत ना?" दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत, पण ते फार लवकर विचारले जातात. तिसऱ्या महिन्यात ज्या प्रश्नावर पुढचं सगळं ठरतं, तो मात्र बहुतेक घरांत कोणी विचारत नाही: वार (बाळाला नाळेतून पोसणारा अवयव) एक आहे की दोन?

वारेबद्दल न विचारणं

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबते.

जुळ्यांचे ढोबळ तीन प्रकार. प्रत्येक बाळाची वार वेगळी आणि पिशवीही (बाळाभोवतीची पाण्याची, गर्भाशय नव्हे) वेगळी, हा सगळ्यांत जास्त आढळणारा आणि त्यातल्या त्यात निर्धोक प्रकार. दुसऱ्यात वार एकच, पण पिशव्या दोन. तिसऱ्यात वार एक आणि पिशवीही एक. हा प्रकार दुर्मीळ आणि सगळ्यांत नाजूक, कारण दोन नाळी एकमेकींत गुंतू शकतात. रिपोर्टवर वेगळ्या वारा असतील तर 'डायकोरिऑनिक' आणि एकच असेल तर 'मोनोकोरिऑनिक' असं लिहिलेलं असतं.

हे ओळखायची उत्तम वेळ म्हणजे ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी. तेव्हा दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथला आकार स्पष्ट दिसतो. पुढे पडदा पातळ होत जातो, शेजारच्या दोन वारा एकमेकींना चिकटून एकच असल्यासारख्या दिसू लागतात आणि अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने सांगणं अवघड होतं. म्हणून रिपोर्टवर नुसतं 'जुळी' एवढंच असेल, तर सोनोग्राफी केंद्रातून बाहेर पडण्याआधीच विचारा आणि उत्तर लिहून घ्या. हा कागद बाळंतपण होईपर्यंत फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवा.

वार एक असेल तर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा शंभर गरोदरपणांतल्या साधारण दहा ते पंधरांमध्ये एका बाळाकडून दुसऱ्याकडे रक्त जास्त जाऊ लागतं. एकाभोवतीचं पाणी आटतं, दुसऱ्याभोवती साचतं. वेळेत कळलं तर लेझरने त्या रक्तवाहिन्या बंद करण्याचा उपचार आहे, पण तो मोजक्याच केंद्रांत होतो आणि त्याला मुदत असते. त्यासाठीच एका वारेच्या जुळ्यांना सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. वारा वेगळ्या असतील तर विसाव्या आठवड्यानंतर साधारण दर चार आठवड्यांनी पुरते. "इतक्या सोनोग्राफ्या कशाला, बाळांना त्रास होईल," असं म्हणत मधली एखादी चुकवणाऱ्या सासवा-आया मनाने चांगल्याच असतात, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. दोन-चार दिवसांत पोट एकाएकी टम्म झालं, धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

विसाव्या आठवड्यातली 'पोझिशन' मनाला लावून घेणं

पाचव्या महिन्याच्या रिपोर्टवर एक बाळ पायाळू आणि दुसरं आडवं असं आलं की घरात चिंता सुरू होते. या वयात बाळं लहान असतात, भोवती पाणी भरपूर असतं, त्यामुळे ती सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला असू शकतात. पहिल्या बाळाची स्थिती साधारण ३२ ते ३४ आठवड्यांनंतर स्थिरावू लागते. बाळंतपणाचा बेत त्यानंतरच्या सोनोग्राफीवर ठरतो.

'पहिलं' म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळचं, खालचं बाळ. सगळं लक्ष त्याच्यावर असतं. दुसऱ्याचा भरवसा तर शेवटपर्यंत धरता येत नाही. पहिलं बाहेर आलं की आत अचानक जागा होते आणि दुसरं फिरतं. डोकं खाली असलेलं आडवं होतं, आडवं असलेलं सरळ होतं.

कळा सुरू होण्याच्या सुमारास साधारण चित्र असं असतं. शंभरांतल्या सुमारे चाळीस जुळ्यांमध्ये दोघांची डोकी खाली असतात. पस्तीस ते चाळीसांमध्ये पहिल्याचं डोकं खाली आणि दुसरं पायाळू किंवा आडवं. उरलेल्या विसेकांमध्ये पहिलंच पायाळू किंवा आडवं असतं. दोघांची डोकी खाली असतील आणि बाकी काही अडचण नसेल तर नॉर्मल बाळंतपणाचा विचार सरळ होतो. पहिलंच पायाळू किंवा आडवं असेल तर बहुतेक डॉक्टर सिझर सुचवतात. पहिलं पायाळू आणि दुसरं डोक्यावर असेल तर क्वचित बाहेर येताना दोघांच्या हनुवट्या एकमेकींत अडकतात, आणि तो धोका कोणी पत्करू नये.

गैरसमज होतो तो मधल्या गटात. पहिलं डोक्यावर, दुसरं पायाळू, म्हणजे सिझरच, असं नाही. पहिल्याच्या जन्मानंतर डॉक्टर दुसऱ्याला बाहेरून हाताने वळवू शकतात, किंवा आत हात घालून पाय धरून पायाळू जन्म देऊ शकतात. यासाठी हात मात्र सरावाचे हवेत. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: "दुसरं बाळ पायाळू असताना नॉर्मल बाळंतपण तुम्ही स्वतः करता का?" नाही म्हणाले तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. सराव नसलेल्या हातांपेक्षा ठरवून केलेलं सिझर बरं.

एक कळकळीची विनंती. बाळ सरळ व्हावं म्हणून कोणाकडूनही पोट चोळून घेऊ नका. गावात हात चांगला असलेली बाई असेल, तिने पूर्वी अनेकींना केलं असेल, तरीही नको. जुळ्यांत वार सुटण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा धोका मोठा आहे. अमुक कुशीवर झोपून बाळ फिरतं, यालाही आधार नाही.

मुलगा-मुलगी विचारणं

विचारू नका. १९९४ च्या कायद्याने लिंग सांगणं हा गुन्हा आहे, आणि तुमच्या काळजीच्या एकाही निर्णयाला ते लागत नाही.

नेहमीच्या हिशेबाने माहेरी जाणं

एका बाळाच्या गरोदरपणात ओटीभरण झालं, सातवा सरला, मग आठव्या-नवव्यात माहेरी, हा हिशेब चालून जातो. जुळ्यांत तो मोडतो, कारण निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. नवव्या महिन्याच्या भरवशावर राहिलं तर कळा प्रवासात किंवा भलत्याच ठिकाणी सुरू होतात.

गोव्याचा नकाशा लहान दिसतो, पण काणकोणहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) साठेक किलोमीटर पडतं. सांगे, धारबांदोडा, सत्तरीच्या आतल्या वाड्यांवरून पावसाळ्यातल्या रात्री निघायचं म्हणजे वेळेचा अंदाज बांधता येत नाही. दिवाडीत राहणाऱ्यांना फेरीबोटीचा विचार करावा लागतो. चवथीच्या दिवसांत आणि डिसेंबरच्या शेवटी महामार्गावर गाड्यांची रांग लागते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. अनेकींची माहेरं तर दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडे आहेत. तिथल्याही अवघड केसेस शेवटी बांबोळीलाच येतात, म्हणजे माहेरी जाऊन पुन्हा रुग्णवाहिकेतून परत, असं होतं.

तेव्हा अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत दोन गोष्टी ठरवा: बाळंतपण कुठे होणार आणि शेवटचे दोन महिने राहायचं कुठे. माहेरपण करायचंच असेल तर आईला तुमच्याकडे बोलवा. तीच माया, तोच हातचा पेज-भात, फक्त घर हॉस्पिटलजवळचं.

हॉस्पिटल निवडताना खोलीपेक्षा सोय बघा. नवजात अतिदक्षता कक्ष त्याच इमारतीत आहे का, आणि एकाच वेळी दोन बाळं घेता येतील का? रात्री भूलतज्ज्ञ हजर असतात की घरून येतात? बालरोगतज्ज्ञ जन्माच्या वेळी खोलीत असतील का? रक्त किती वेळात मिळतं? किती आठवड्यांच्या आतलं बाळंतपण ते स्वतः करत नाहीत, पुढे पाठवतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'गोमेकॉ' असंच येईल. मग नाव तिथे आधीच नोंदवून एकदा तपासणी करून घेतली, तर ऐन वेळी फाईल कोरी नसते. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत तपासणी चालू असेल तरी हे विचारून ठेवा. लवकर जन्मणाऱ्या बाळांना जन्मानंतर रुग्णवाहिकेतून नेण्यापेक्षा ती पोटात असतानाच आईला योग्य ठिकाणी पोचवणं केव्हाही सुरक्षित. १०८ चा नंबर घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, शेजाऱ्यांनाही.

"दोन आहेत, पोट जड होणारच" म्हणून लक्षणं सोडून देणं

पोट जड वाटणं वेगळं आणि पोट दगडासारखं होऊन सैल पडणं, पुन्हा होणं वेगळं. ३७ आठवड्यांच्या आत असं तासात चार-पाचदा होऊ लागलं, कंबर लाटेसारखी दुखू लागली, खाली दाब आला, पाणी गेलं किंवा डाग दिसला, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. लवकर बाळंतपण होणार असेल तर बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात आणि त्यांचा पूर्ण गुण यायला साधारण २४ तास लागतात. घरी घालवलेला प्रत्येक तास त्यातूनच जातो.

रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जुळ्यांत जास्त असतं. सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा सुजणं, ही लक्षणं त्याची. तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज येत असेल तर उकाड्यावर ढकलू नका, यकृताची तपासणी लागते. दोघांपैकी कोणत्याही एकाची हालचाल मंदावली असं वाटलं तरी लगेच दाखवा.

अंथरुणाला खिळून राहणं, तिघांचं जेवणं

कारण नसताना पूर्ण विश्रांती घेतल्याने जुळी उशिरा जन्मतात, असं दिसलेलं नाही. उलट पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घरातली हलकी कामं, संध्याकाळचं चालणं चालू ठेवा. जेवणात पानाचा ढीग वाढवण्यापेक्षा लोह आणि प्रथिनं बघा: नाचणी, कडधान्यं, अंडी, तारले, बांगडे. मोरीत पारा जास्त असतो, ती गरोदरपणात नको. हिमोग्लोबिन वेळोवेळी तपासा. ताणलेलं गर्भाशय बाळंतपणानंतर नीट आकसत नाही आणि रक्तस्राव जास्त होऊ शकतो, तेव्हा आधीचं रक्त कमी असेल तर फार जड जातं. तुमच्या गटाचे दोन रक्तदाते आधी विचारून ठेवा.

तारखेचा हट्ट

दिवस पूर्ण भरेपर्यंत थांबणं जुळ्यांत शहाणपणाचं नाही, कारण शेवटच्या आठवड्यांत वार थकत जाते. सगळं सुरळीत असेल तर दोन वारांच्या जुळ्यांचं बाळंतपण साधारण ३७ ते ३८ आठवड्यांत, एक वार आणि दोन पिशव्या असतील तर ३६ च्या आसपास, आणि एकाच पिशवीतल्या जुळ्यांचं ३२ ते ३४ आठवड्यांत सिझरने करतात. तुमची नेमकी तारीख डॉक्टर ठरवतील. मुहूर्तासाठी ती आठवडाभर अलीकडे ओढणं मात्र बाळांच्या फुप्फुसांवर बेततं.

एकच बेत धरून बसणं

२०१३ मध्ये 'ट्विन बर्थ स्टडी' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. २५ देशांतल्या सुमारे २,८०० स्त्रिया, सगळ्यांच्या पहिल्या बाळाचं डोकं खाली. ठरवून सिझर केल्याने बाळं अधिक सुरक्षित राहतात, असं त्यात दिसलं नाही. त्याच वेळी, नॉर्मलचा बेत केलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांचं शेवटी सिझर झालं. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवा. नॉर्मलची आशा धरणं चूक नाही, पण पहिलं बाळ नॉर्मल आणि दुसरं सिझरने, असंही कधी होतं, आणि त्या क्षणी व्हरांड्यात नातेवाइकांचं मत घेत बसायला वेळ नसतो. दोन्ही शक्यतांबद्दल घरात आधीच बोला. संमतीच्या कागदांवर कोण सही करणार, तेही ठरवा. कंबरेतून भूल देण्याबद्दल विचारा. दुसऱ्याला वळवावं लागलं किंवा सिझर करावं लागलं तर ती उपयोगी पडते. बाळंतपणाच्या खोलीत दोन बाळांसाठी दोन पथकं असतात, त्यामुळे गर्दी दिसली तर घाबरू नका.

जन्मानंतरचे दिवस न ठरवणं

बाळं अतिदक्षता कक्षात गेली तरी दूध आईचंच हवं, आणि ते लवकर काढायला लागलं तरच टिकतं. पहिल्या काही तासांत सुरुवात करा, मग रात्र धरून दिवसातून आठ वेळा. पहिल्या दिवशी थेंबभरच येतं, तेही बाळाला पोचवा. पंप विकत घ्यायचा की हाताने काढायला शिकायचं, हे आठव्या महिन्यातच बघून ठेवा. आईजवळ कोण, कक्षाबाहेर कोण, घरी मोठं मूल असेल तर त्याच्याजवळ कोण, याची पाळी लावा. एक बाळ आधी घरी सोडलं आणि दुसरं आठवडाभर मागे राहिलं, तर आईला तिथे राहायला जागा मिळते का, हेही हॉस्पिटलमध्ये नाव नोंदवतानाच विचारा.