ख्रिसमस ट्री लावावं की चिकू? ठाणे-नवी मुंबईच्या बागेसाठी कसं ठरवावं आणि कसं लावावं

सोसायटीच्या बागेत एखाद-दुसऱ्या झाडाची जागा रिकामी असली की मे महिन्यात कमिटीत दोन तट पडतात. एकाला गेटजवळ सरळसोट, देखणं ख्रिसमस ट्री हवं असतं. दुसरा म्हणतो, लावायचंच आहे तर फळझाड लावा. बागेच्या मापात बसणारं फळझाड म्हणून मी इथे चिकू धरला आहे. आंब्याचा पसारा आणि त्यावरून होणारी भांडणं दोन्ही मोठी असतात.

माझं मत आधीच सांगतो. खरी जमीन असेल आणि चहूबाजूंनी पसरायला जागा असेल तर चिकू. जागा अरुंद, वर आकाश मोकळं आणि ऊन भरपूर असेल तर ख्रिसमस ट्री. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागेत, दोन्ही नको. हे तुमच्या जागेला कसं लागू होतं ते पाहू.

पहिलं काम: खाली काय आहे ते पाहा

नवीन कॉम्प्लेक्समधली बरीचशी "बाग" पार्किंगच्या स्लॅबवर असते. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड ते दोन टन भरतं, त्यामुळे बिल्डरने तिथे माती जेमतेमच टाकलेली असते. तेवढ्या मातीत मोठं झाड पाय रोवत नाही आणि पावसाळी वाऱ्यात आडवं होतं. तिथे फार तर कुंडीतलं ख्रिसमस ट्री ठेवा. कुंडीत ते बरीच वर्षं आटोपशीर राहतं.

जमीन खरी असेल तर एक हातभर खोल खड्डा खणा. येऊरच्या पायथ्याशी, घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला मुरूम लागेल. खणताना घाम निघतो, पण निचरा चांगला होतो. वाशी, ऐरोली, नेरूळच्या खाडीकडच्या भागात भराव लागतो: विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं आणि त्याखाली चिकट काळी माती. खड्डा पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे दोन्ही झाडांची मुळं पावसाळ्यात कुजतील. मग जागा बदला, नाहीतर मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरट थर धरत असेल तर माती खारट आहे. चिकू थोडाफार खारटपणा सोसतो. ख्रिसमस ट्री मूळचं समुद्रातल्या बेटांवरचं असल्याने त्याला खारा वारा मानवतो, पण पाणी साचलेलं त्यालाही चालत नाही.

दुसरं काम: ऊन मोजा

हे बहुतेक जण करत नाहीत आणि झाड वाढत नाही म्हणून माळ्याला बोल लावतात. मेमध्ये भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर असतो, तेव्हा सगळ्या बागेत ऊन दिसतं. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला इतका कलतो की ऐन दुपारीसुद्धा इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. ६० मीटर उंचीच्या टॉवरच्या उत्तरेला त्या वेळी सुमारे ५५ मीटरपर्यंत सावली असते. म्हणजे टॉवरच्या उत्तरेकडची बाग हिवाळाभर अंधारीच. अशा जागी चिकूला फळ कमी लागतं आणि ख्रिसमस ट्रीच्या खालच्या फांद्या वाळून जातात. एकदा वाळलेली फांदी त्या जागी पुन्हा येत नाही, म्हणून खाली खांब आणि वर झुपका असं ध्यान उरतं.

तिसरं काम: झाड मोठं झालेलं डोळ्यांपुढे आणा

नर्सरीत ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात ते पाइन नव्हे, ते अरोकेरिया. मूळ पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं. नर्सरीत त्याच्या दोन जाती मिळतात, नॉरफोक बेटावरची आणि न्यू कॅलेडोनियातली. दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात आणि रोप लहान असताना तज्ज्ञालाही फरक सांगणं कठीण जातं. मूळ गावी ही झाडं ५० मीटरच्या वर जातात. आपल्याकडेही चार-पाच मजले गाठू शकतात. शेंडा छाटून उंची आवरण्याचा विचार सोडा. शेंडा गेला की तो डौल परत येत नाही.

न्यू कॅलेडोनियाच्या जातीची एक गंमत आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की जगभर ही झाडं विषुववृत्ताकडे कलतात, सरासरी साडेआठ अंशांनी. आपल्याकडे याचा अर्थ दक्षिणेकडे. पंधरा मीटरच्या झाडाचा शेंडा बुंध्यापासून दोन मीटरहून जास्त सरकलेला असू शकतो. तेव्हा लावताना दक्षिणेची बाजू मोकळी आहे ना, हे पाहून घ्या.

चिकूचं उलट. तो हळू वाढतो आणि उंचीइतकाच पसरतो. बागायतदार दोन झाडांत १० मीटर अंतर ठेवतात. बागेत छाटणी करून थोडं कमी चालेल, पण कंपाउंडच्या भिंतीला चिकटवून लावू नका. अर्धी सावली आणि अर्धी फळं शेजारच्या सोसायटीची होतात.

कचऱ्याचाही विचार करा. अरोकेरियाची पानं सुटी गळत नाहीत, वाळलेल्या डहाळ्या अख्ख्या पडतात आणि पावसाळ्यात गटाराच्या जाळीवर अडकतात. चिकूखाली पिकलेली फळं पडून चिकचिकाट होतो, गाडी उभी असेल तर मालक सेक्रेटरीच्या दारात. रात्री वटवाघळं येणार, येऊरकडे राहत असाल तर दिवसा माकडंही. फळं कोणाची, हा प्रश्न पहिलं फळ लागण्याआधी मीटिंगमध्ये मिटवलेला बरा.

निर्णय पक्का झाल्यावरच खड्डा घ्या. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यामुळे महापालिका हद्दीत वाढलेलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग जमीन खासगी का असेना.

चौथं काम: रोप नीट बघून घ्या

अरोकेरिया घेताना मधे एकच ताठ शेंडा आहे आणि त्याभोवती फांद्या चक्राकार, सारख्या फुटल्या आहेत, हे पाहा. बाजूच्या फांदीपासून केलेलं रोप आयुष्यभर आडवंच वाढतं, कितीही काठ्या बांधा. एका कुंडीत तीन-चार रोपं दाटीने लावून झुपकेदार केलेलीही असतात. जमिनीत लावायला ती नकोत.

चिकूचं कलमच घ्या, जात कालीपत्ती. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या पट्ट्यातही हीच जात मुख्य आहे. कलम खिरणीच्या (चिकूच्याच नात्यातलं एक झाड) खुंटावर बांधलेलं असतं, आणि इथेच डोळ्यात तेल घालून पाहावं लागतं. जोडाच्या खालून खिरणीचे फुटवे येतात, ते जोमदार असतात आणि न काढल्यास चिकूला दाबून टाकतात. ओळखायची खूण पानात आहे. चिकूचं पान टोकाकडे निमुळतं असतं आणि पानं फांदीच्या शेंड्याशी गुच्छाने येतात. खिरणीच्या पानाचं टोक गोलसर असून मधे बारीकशी खाच असते. असं पान दिसलं की तो फुटवा बुडातून खुडायचा. सोसायट्यांमधलं फळ न देणारं "चिकूचं" झाड कधी कधी निव्वळ खिरणी असते.

पाचवं काम: लागवड

मेमध्ये एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्या. भराव निघाला तर तो परत खड्ड्यात ढकलू नका, लाल माती विकत आणा. मातीत दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून खड्डा भरा, जमिनीपेक्षा थोडा वरच, कारण पावसात माती बसते. अरोकेरियासाठी शेणखत निम्मं करा आणि निचऱ्याला जाड वाळू घाला.

दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. पिशवी ओढून न काढता ब्लेडने उभी चिरून काढा. तळाशी वेटोळं झालेली मुळं कापून टाका. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. आधाराचा बांबू पश्चिमेच्या बाजूला रोवा, कारण पावसाळी वारा तिकडून येतो. सुतळी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. खोडाभोवती माती चढवा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि दिवाळीनंतर तिथेच आळं करा.

पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी चुकवू नका. आपल्याकडे आठ महिने कोरडे असतात आणि बहुतेक रोपं मरतात ती मार्च ते मे दरम्यान. आळ्यात वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घाला, पण खोडाला चिकटवून नको. अरोकेरिया काचेच्या इमारतीसमोर असेल तर परावर्तित उन्हाने टोकं करपतात, पहिल्या उन्हाळ्यात हिरवी जाळी लावून ठेवा.

चिकूला तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळं दिसू लागतात. सुरुवातीची थोडी फुलं खुडून टाकली तर झाड भरतं. तयार फळ ओळखायला त्यावरची तपकिरी भुकटी अंगठ्याने पुसा आणि नखाने बारीक ओरखडा काढा. खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर आठवडाभर थांबा. पिवळसर दिसलं तर झेल्याने (टोकाला जाळी असलेल्या काठीने) देठासकट उतरवा, चीक धुऊन टाका आणि भाताच्या पेंढ्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवा. झाडावर पिकायची वाट पाहिलीत तर ते वटवाघळांच्या वाट्याला जाईल.