इंटिग्रेटेड सर्वो मोटर घेताय? या चुका टाळा

मोटर, एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर) आणि ड्राइव्ह (मोटर चालवणारं सर्किट) एकाच डब्यात मिळाले की वायरिंगचा व्याप वाचतो. पण म्हणून हिशोब करायचाच नाही, असं होत नाही. दर महिन्याला कुणीतरी जळकी मोटर घेऊन येतं आणि कारण बहुतेक वेळा तेच असतं: कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बघून केलेली खरेदी. तो पीक टॉर्क, काही सेकंदांपुरता. रोबोटचा हात आडवा करून शाफ्टपासून 40 सेंमीवर 2 किलो धरायचे तर नुसत्या त्या वजनालाच 7.8 न्यूटन-मीटर लागतात; हाताचं वजन वेगळं. हे सगळं रेटेड टॉर्कमध्ये, म्हणजे मोटर सतत देऊ शकते त्या टॉर्कमध्ये, बसायला हवं. मी तर त्यातही तिसरा हिस्सा मोकळा ठेवतो.

दुसरी चूक मात्र कॅटलॉग वाचणारेही करतात. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये 48 व्होल्टच्या मोटरवर उभी लिफ्ट बसवली होती. माल वर जाताना सगळं सुरळीत, खाली येताना मध्येच फॉल्ट. मोटर खराब म्हणून पोरांनी दोनदा बदलली. तिसरी मागवायच्या आत मला बोलावलं. सप्लायच्या टर्मिनलवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची रेष दाखवणारं यंत्र) लावला आणि भरलेला ट्रे खाली सोडला. रेष 48 वरून सरसर चढत 60 च्या पुढे गेली आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर बंद पडला.

वजन उतरताना मोटर जनरेटर होते. 10 किलो अर्धा मीटर खाली आलं की सुमारे 49 ज्यूल सुटतात. थोडे घर्षणात आणि वाइंडिंगमध्ये जातात, बाकीचे सप्लायकडे परततात, आणि साधा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) ते परत घेत नाही. 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 48 वरून 60 व्होल्टवर जाईपर्यंत जेमतेम 3 ज्यूल सामावतो. एकाने सप्लाय वाचवायला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकला होता. त्याने सप्लाय वाचला, पण उरलीसुरली वाटही बंद झाली आणि व्होल्टेज आणखी वेगाने चढलं. शेवटी जादा ऊर्जा उष्णतेत घालवणारा ब्रेकिंग रेझिस्टर, व्होल्टेज चढलं की तो जोडणाऱ्या चॉपर स्विचसकट बसवला, तेव्हा लिफ्ट चालली. उभ्या अक्षासाठी मोटरच्या ऑर्डरमध्येच तो लिहा, नंतर शोधत बसू नका.

उभ्या अक्षाला ब्रेकवाली मोटरच घ्या, नाहीतर वीज गेली की हात खाली पडतो. कॅन बसच्या, म्हणजे मोटरींना आदेश पोचवणाऱ्या तारांच्या, दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर हवेत. वीज बंद करून मीटर लावला की 60 दिसले पाहिजेत. सगळ्या मोटरी एकदम जोडण्याआधी एकेकीला वेगळा आयडी द्या.

आणि मोटर पीएलए प्लास्टिकच्या, थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या ब्रॅकेटवर बसवू नका. ड्राइव्ह आतच असल्यामुळे त्याचीही उष्णता त्याच डब्यातून बाहेर पडते, आणि पीएलए साठेक अंशांना मऊ पडतं. बोल्ट सैल झालेला ब्रॅकेट मी काढला, तेव्हा भोकं लांबट झाली होती. अॅल्युमिनियमची जाड पट्टी लावा.

मी सहा मोटरी लागणार असल्या तरी आधी एकच मागवतो. खरं वजन टांगून अर्धा तास तशीच धरून ठेवतो आणि ड्राइव्हमधलं तापमान वाचत बसतो. आकडा स्थिर झाला की मगच उरलेल्या पाच.