ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियस: बिनकाट्यांचा निवडुंग वाढवताना या चुका टाळा

मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात वाळवंटी निवडुंग आपोआप जगेल, अशा समजुतीने ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियस हे छोटे, बिनकाट्यांचे रोप घरी आणले जाते; मग ते मे महिन्यात गच्चीवर होरपळते, आणि त्यातून वाचले तर पावसाळ्यात कुजते. या दोन्ही गोष्टी टाळता येतात, मात्र त्यासाठी हे रोप मूळ प्रदेशात कसे राहते ते आधी समजून घेतले पाहिजे.

टेक्सासचे दक्षिण टोक आणि मेक्सिकोतील तामाउलिपास व न्यूवो लेओन ही राज्ये हे त्याचे घर. तेथे ते काटेरी झुडपांच्या विरळ सावलीत, जमिनीत अर्धे गाडून घेतल्यासारखे वाढते. त्यामुळे परभणी-नांदेडच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात, तापलेल्या स्लॅबवर ते दिवसभर उघडे ठेवणे ही पहिली मोठी चूक होय. सकाळचे कोवळे ऊन आणि त्यानंतर पन्नास टक्के शेडनेटची सावली त्याला मानवते. रोपावर लालसर छटा आली, तर ऊन जास्त होत आहे असे समजून ते लगेच हलवावे, कारण एकदा करपलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही.

दुसरी चूक मातीची, आणि माझ्या मते सर्वाधिक रोपे तिच्यामुळेच मरतात. आपली काळी माती कापसाला उत्तम असली, तरी ती पाणी धरून ठेवते, वाळताना भेगाळते आणि बारीक मुळे तोडते. या निवडुंगाला जाड सोटमूळ असते. ते ओल्या मातीत राहिले की कूज आतून वर सरकते आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आपल्याकडे सहज मिळणारा मुरूम चाळून, धूळ धुऊन तीन ते सहा मिलिमीटरचे खडे घ्यावेत. त्यात विटांचा चुरा, थोडी जाड वाळू आणि फार तर पाचवा हिस्सा कुजलेले पालापाचोळ्याचे खत मिसळावे. बांधकामाची बारीक वाळू वापरू नये, ती खड्यांमधील हवेच्या जागा बुजवते. कुंडी उथळ नको, सोटमुळाला पुरेल इतकी खोल हवी. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवतीचे कोकोपीट काढून टाकावे, कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये.

जून ते सप्टेंबर रोप पारदर्शक छताखाली, वारा खेळेल अशा ठिकाणी ठेवावे. हवा दमट असते तेव्हा पाणी दिलेली माती अनेक दिवस ओलीच राहते, म्हणून खडे तळापर्यंत कोरडे झाल्याखेरीज पुन्हा पाणी देऊ नये. डिसेंबर-जानेवारीत, पारा दहा अंशांखाली उतरत असताना, पाणी जवळजवळ बंदच ठेवावे. बोअरच्या जड पाण्याने बुंध्याशी पांढरे क्षार साचतात, तेव्हा शक्य असेल तर पावसाचे पाणी साठवून वापरावे.

लक्षणे वाचताना घाई होते. रोप चपटे होऊन मातीच्या पातळीला आले, पण बोटाला टणक लागते, तर ते तहानलेले किंवा विश्रांतीत आहे. चपटे, मऊ आणि पिवळट-नारिंगी झाले असेल, तर ती मूळकूज आहे. अशा वेळी निर्जंतुक ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापून गंधकाची भुकटी लावावी आणि सावलीत सुकू द्यावे. तथापि या जातीला नवी मुळे सावकाश फुटतात, त्यामुळे वाचलेला भाग दुसऱ्या जोमदार निवडुंगावर कलम करणे अधिक खात्रीचे ठरते. जुन्या रोपाच्या तळाशी येणारी तपकिरी साल हा रोग नव्हे, त्यावर बुरशीनाशक मारू नये. वाढ विनाकारण थांबली असेल, तर रोप उपटून मुळांवर पांढरा पिठ्या ढेकूण आहे का, हे अवश्य पाहावे.

रानातून उपटलेले रोप विकत घेऊ नये. अमेरिकेत ही जात 1993 पासून संकटग्रस्त मानली जाते, आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. बियांपासून वाढवलेली रोपेच घ्यावीत, आणि बी हवे असेल तर वेगवेगळ्या बियांपासून आलेली किमान दोन रोपे ठेवावीत, कारण लाल-नारिंगी मध्य असलेले त्याचे पिवळे फूल स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. ताजे बी उबदार हवेत काही दिवसांतच उगवते. मात्र कोवळ्या रोपांना मोठ्या रोपासारखे कोरडे ठेवू नये, पहिले काही महिने त्यांना हलका ओलावा आणि दाट सावली द्यावी.