३० बाय ६०चा टॉवेल आणि पेज डॉट इव्हॅल्युएट

ऑटोमेशन टेस्टिंग, म्हणजे वेबसाइट प्रोग्रामकडून तपासून घेणं, शिकायला जी पोरं माझ्याकडे येतात, त्यांना मी सरावासाठी बँकेचं लॉगिन पेज देत नाही. टॉवेलच्या ऑर्डरचा फॉर्म देतो. निम्म्यांच्या घरचं कुणी ना कुणी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला असतं किंवा होतं, त्यामुळे जीएसएम (दर चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), पीस, डिस्पॅच हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. शिवाय टॉवेलची साइझ इंचात लिहितात, ३०" × ६०" अशी. ती इंचाची खूण पुढे फार कामाला येते.

सुरुवातीचा भाग पटकन होतो. पेज उघडणं, बॉक्स शोधणं, त्यात भरणं, बटण दाबणं यात कुणी फार अडकत नाही. अडतं ते पेजच्या आत स्वतःची जावास्क्रिप्ट चालवायची वेळ आली की. ऑर्डरचं अख्खं टेबल एका दमात वाचायचंय, लोकल स्टोरेजमध्ये (साइटनं ब्राउझरमध्ये साठवलेल्या डेटात) काय पडलंय ते बघायचंय, किंवा टाइप करू न देणाऱ्या कॅलेंडरच्या बॉक्समध्ये तारीख घालायचीय. मग पपेटिअर किंवा प्लेराइट या ब्राउझर चालवणाऱ्या टूलमध्ये पोरं पेज डॉट इव्हॅल्युएट, म्हणजे पेजच्या आत कोड चालवायची आज्ञा, लिहितात, आत एक फंक्शन देतात आणि त्या फंक्शनमध्ये वरच्या ओळीतला 'साइझ' हा व्हेरिएबल बिनधास्त वापरतात. एडिटर लाल रेघ मारत नाही. चालवलं की उत्तर येतं: रेफरन्स एरर, साइझ इज नॉट डिफाइन्ड. "सर, तीन ओळी वर तर लिहिलाय की!" हे वाक्य दर बॅचला ऐकतो.

लिहिलाय, पण दुसऱ्या घरात. तुमची स्क्रिप्ट नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रोसेसमध्ये चालते आणि पेज ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये. इव्हॅल्युएटला दिलेल्या फंक्शनचा आधी नुसता मजकूर होतो, तो मजकूर ब्राउझरकडे जातो आणि तिथे नव्यानं फंक्शन बनून चालतो. आजूबाजूचे व्हेरिएबल त्याच्यासोबत जात नाहीत. गावाकडून आई एसटीनं डबा पाठवते तेव्हा डब्यात घातलेलंच पोचतं. फडताळात राहिलेली शेंगाचटणी वासानं येत नाही.

तेव्हा साइझ डब्यात घाला, म्हणजे आर्ग्युमेंट म्हणून द्या. फंक्शनच्या कंसात एक नाव घ्यायचं आणि इव्हॅल्युएटला फंक्शननंतर स्वल्पविराम देऊन ती किंमत, म्हणजे व्हॅल्यू, द्यायची. पपेटिअरमध्ये अशा कितीही किमती एकामागोमाग देता येतात. प्लेराइट एकच घेतं. दोन दिल्या तर सरळ सांगतं की आर्ग्युमेंट जास्त झाले, ऑब्जेक्टमध्ये गुंडाळून द्या. सेलेनियम या तिसऱ्या टूलमध्ये, पायथन किंवा जावातून लिहिताना, स्क्रिप्ट स्ट्रिंग (नुसता मजकूर) म्हणूनच द्यावी लागते आणि पाठवलेल्या किमती आत 'आर्ग्युमेंट्स' नावाच्या यादीत शून्यापासून मिळतात. तिथे 'रिटर्न' लिहायला विसरलात तर हातात काहीच येत नाही, आणि एररही येत नाही. पायथनवाले यात तासन्‌तास घालवतात.

आता इंचाची खूण. हुशार पोरगं आर्ग्युमेंटच्या भानगडीत न पडता व्हेरिएबल थेट स्क्रिप्टच्या स्ट्रिंगमध्ये जोडून टाकतं. 'हँड टॉवेल' लिहिलं, चाललं. 'नॅपकिन' लिहिलं, चाललं. मी म्हणतो, आता ३०" × ६०" भर. आकड्याच्या पुढचं ते अवतरण चिन्ह आतल्या स्ट्रिंगला तिथल्या तिथे बंद करतं आणि सिंटॅक्स एरर येतो. मग बॅकस्लॅश लावणं सुरू होतं. तेवढ्यानं भागतं असं वाटेपर्यंत एखाद्या परदेशी खरेदीदाराच्या नावात ॲपॉस्ट्रॉफी निघतो. एक्सेलमधून किंवा बाहेरच्या माणसाकडून आलेला मजकूर असा जोडत गेलात, तर उद्या त्यात कुणी अख्खी स्क्रिप्ट लिहून दिली तरी तुमचं प्रोग्राम ती इमानानं चालवेल. आर्ग्युमेंट म्हणून पाठवलेली किंमत ही किंमतच राहते, तिचा कधी कोड होत नाही. त्यामुळे डेटा जोडून स्क्रिप्ट बनवलेली मला कुणाच्याही कोडमध्ये चालत नाही, मग ती 'फक्त टेस्टच आहे' असं कितीही सांगा.

पलीकडे काय जातं, तेही बघून ठेवा. आकडे, मजकूर, खरं-खोटं, याद्या, साधे ऑब्जेक्ट जातात. फंक्शन जात नाही. पेजवरचा एलिमेंट जातो, पण हँडल (त्याच्याकडे बोट दाखवणारी खूण) म्हणून; सेलेनियममध्ये वेबएलिमेंट दिला की आत पेजवरचा खरा एलिमेंट, म्हणजे डॉम नोड, मिळतो. तारखेशी मात्र जपून. प्लेराइटमध्ये डेट ऑब्जेक्ट डेट म्हणूनच पोचतो, पपेटिअरमध्ये त्याची यूटीसीमधली (जागतिक प्रमाणवेळेतली) स्ट्रिंग होते, आणि पायथनच्या सेलेनियमला डेटटाइम दिला तर टाइप एरर येतो. यातला मधला प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो एरर देत नाही. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून १ तारखेची मध्यरात्र पलीकडे आदल्या दिवशीचे १८:३० होऊन पोचते. त्या स्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं घेतली की डिस्पॅचची तारीख एक दिवस मागे. तारीख साध्या मजकुरातच पाठवा, वर्ष-महिना-दिवस अशी.

इव्हॅल्युएटच्या आत कन्सोल लॉग लिहिलं तर ते टर्मिनलवर दिसणार नाही, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पडेल. इकडे हवं असेल तर पेजच्या 'कन्सोल' इव्हेंटवर कान ठेवावा लागतो. एडिटरमधला ब्रेकपॉइंटही आत थांबत नाही. आणि टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करून चालवायची भाषा) वापरताना कधी 'अंडरस्कोअर अंडरस्कोअर नेम इज नॉट डिफाइन्ड' असं तुम्ही न लिहिलेल्या नावाचं खापर फुटलं, तर घाबरू नका. कोड रूपांतरित करणाऱ्या टूलनं तुमच्या फंक्शनमध्ये स्वतःचा मदतनीस घुसवलेला असतो आणि तो मदतनीस इकडेच राहिलेला असतो. कारण तेच, डब्यात नाही.

एवढं सगळं शिकल्यावर पोरांना जिथे तिथे जावास्क्रिप्ट चालवायची खुमखुमी येते. ती आवरा. बटणावर लोडरचा पडदा असेल तर माणसाला ते दाबता येत नाही, पण जावास्क्रिप्टचं क्लिक त्या पडद्याखालूनही लागतं. टेस्ट हिरवी, ग्राहक खोळंबलेला. टूलचं स्वतःचं फिल आणि क्लिक चालत असेल तिथे तेच वापरा. रिॲक्ट या लायब्ररीत बनवलेल्या फॉर्ममध्ये तर व्हॅल्यू आतून कोंबली तरी फॉर्मला पत्ता लागत नाही, सेव्ह केल्यावर बॉक्स रिकामा.

कुठलं टूल शिकू, हा प्रश्न ठरलेला. सेलेनियम २००४चं, पपेटिअर २०१७चं, प्लेराइट २०२०चं. जुन्या प्रोजेक्टांत सेलेनियम भरपूर आहे, म्हणून ते वाचता आलंच पाहिजे. नव्यानं लिहायला मी प्लेराइट सांगेन. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्यांना मी टूलची नावं पाठ करायला लावत नाही. ऑर्डरच्या पेजवर पाच साइझची यादी आत पाठवा, टेबलात त्यातली कुठली नाही तेवढंच बाहेर आणा, आणि हे तिन्ही टूलमध्ये करून दाखवा. यादीत इंचाची खूण असू द्या. एखादी ओळ का मोडली हे ज्याला फळ्यापाशी उभं राहून सांगता येतं, त्याला समोरचा माणूस टूल कोणतं येतं हे दुसऱ्यांदा विचारत नाही.