सस्पेन्शनचा डबा बदलताय? आधी या चुका टाळा

रात्री साडेअकराला फोन आला. "दादा, नवा डबा बसवला, पण गाडी आधीपेक्षा जास्त उड्या मारतेय. डबाच खराब निघाला बहुतेक." मी विचारलं, टायरमध्ये हवा किती? पलीकडे शांतता. मग "बघतो" म्हणून फोन ठेवला. सकाळी मेसेज आला. पेट्रोल पंपावरच्या पोराने चारही चाकांत सरसकट ४० पीएसआय मारली होती. बिचाऱ्या डब्यावर, म्हणजे शॉकअप कडक-मऊ करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर, येणारे बहुतेक आळ असेच असतात. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

माझा अनुभव मुख्यतः पोर्शच्या केमन आणि ९११ वरचा आहे. २००४ मध्ये ९९७ पिढीबरोबर ९११ मध्ये पीएएसएम ही पोर्शची विजेवर नियंत्रित सस्पेन्शन यंत्रणा आली. चारही शॉकअपमध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, आणि त्यातला करंट कमीजास्त करून शॉकअप कडक-मऊ करणारा एक कंट्रोलर. कंपनीचा कंट्रोलर मुख्यतः बॉडी कशी हलतेय ते बघून निर्णय घेतो. यामागे स्कायहूकची जुनी कल्पना आहे. गाडी जणू आकाशाला टांगलेल्या शॉकअपवर तोललेली आहे असं मानायचं आणि खालचे खरे शॉकअप तसे वागवायचे. अमेरिकेतल्या डीन कार्नोप यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर अशा अर्ध-सक्रिय शॉकअपवर निबंध लिहिला होता. रस्त्यावर हे झकास चालतं. ट्रॅकवर मात्र बॉडी हलल्यावर जागं होणं उशिराचं ठरतं. म्हणून बाहेरच्या कंपन्यांचे डबे कॅन लाइनवरून (गाडीतले कंट्रोलर ज्या वायरवरून एकमेकांशी बोलतात तिच्यावरून) स्टिअरिंगचा कोन, ब्रेकचा दाब आणि वेग वाचतात, आत स्वतःचा जी-सेन्सर (वळणाचा, ब्रेकचा झोक मोजणारा) ठेवतात आणि बॉडी झुकायच्या आधीच शॉकअपला इशारा देतात. मूळ कप्लरमध्येच (वायरच्या जोडणीतच) बसतात, वायर कापावी लागत नाही, मॅप, म्हणजे शॉकअप कधी किती कडक व्हावा याचं टेबल, लॅपटॉपवर बदलता येतो. आणि बसवायला इतके सोपे आहेत हीच खरी गोची आहे. अर्ध्या तासात बसतो म्हटल्यावर विचार करायलाही अर्धाच तास दिला जातो.

मेलेल्या शॉकअपवर नवा डबा

गाडी जॅकवर घ्या, शॉकअपच्या दांड्याजवळ तेल पाझरलंय का बघा, बुश हलवून बघा. तेल गेलेल्या शॉकअपला कुठलाही मॅप वाचवू शकत नाही. मग कप्लर काढून मल्टिमीटरने चारही कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. आकडा अमुकच हवा असं मी म्हणत नाही, चौघांचा एकमेकांशी जुळायला हवा. मोजायचा तोही गाडी थंड असताना. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो. थंडपणी २ ओमची कॉइल ६० अंशांनी तापली की अडीचच्या घरात जाते. पुढचे दोन गरम आणि मागचे दोन थंड असताना मोजून "मागची कॉइल शॉर्ट आहे" असं निदान करणारा एक महाभाग मला भेटला आहे. त्याने नवे शॉकअप मागवलेसुद्धा होते.

काही जण आधी साधे लोखंडी कॉइलओव्हर (व्हॉल्व्हला वीज न लागणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) टाकतात, डॅशबोर्डवरचा दिवा विझवायला रेझिस्टर लावून गाडीला फसवतात, आणि वर्षभराने मला विचारतात की आता कुठला कंट्रोलर घेऊ. व्हॉल्व्हच काढून टाकलात, आता कंट्रोल कशाला करणार?

शून्य शिकवताना केलेला घोळ

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, कारण हिने माझे तीन रविवार खाल्ले.

बाणेरला टेकडीच्या पायथ्याशी एका सोसायटीत राहणाऱ्या मित्राने केमनला नवा डबा बसवला. आठवड्याने तक्रार आली की एक्सप्रेसवेवर सरळ जातानाही गाडी दगडासारखी लागते, काँक्रीटच्या स्लॅबचा प्रत्येक सांधा पाठीत बसतो. आम्ही हवा तपासली. अलाइनमेंट केली. अलाइनमेंटवाल्याने टोमध्ये (चाकं किती आत-बाहेर वळलीत त्यात) अर्धा मिलिमीटर फरक काढला, आम्ही खूश. फरक शून्य. टायर पुढचे मागे करता येत नाहीत, मापं वेगळी असतात, म्हणून डावे-उजवे बदलून पाहिले. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो हे टायर चढवल्यावर आठवलं, पुन्हा उतरवले. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसला प्रकार. उजव्या बाजूच्या शॉकअपचे वरचे माउंटही बदलून झाले.

तिसऱ्या रविवारी वहिनी शेजारी बसून लोणावळ्याला गेल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही दोघं कशाची तक्रार करताय? माझ्या बाजूला तर मस्त आहे."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. लॅपटॉप जोडला, गाडी कारखान्याच्या सपाट फरशीवर उभी केली. उभ्या गाडीत जी-सेन्सर आडव्या दिशेने ०.०५ जी दाखवत होता. मित्राने डबा बसवून सोसायटीच्या आतल्या उतरत्या रस्त्यावर, आडव्या लावलेल्या गाडीत "शून्य सेट करा" दाबलं होतं, म्हणजे हीच सपाट जमीन असं सेन्सरला शिकवलं होतं. वीस फुटांना एक फूट उतार असला की गुरुत्वाकर्षणाचा विसावा भाग आडवा येतो, बरोबर ०.०५ जी. मॅपमध्ये ०.०४ च्या आतलं सगळं "सरळ रस्ता" धरलं होतं. म्हणजे या गाडीच्या लेखी सरळ रस्ता जगात शिल्लकच नव्हता. ती कायम हलक्या डाव्या वळणात होती आणि बाहेरची, म्हणजे उजवी, म्हणजे ड्रायव्हरची बाजू इमानेइतबारे कडक करून ठेवत होती.

आता माझी सवय सांगतो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी गाडीच्या डिकीत असते. चारही चाकांखालची जमीन तिने बघून घेतो. जमीन सपाट मिळालीच नाही तरी हरकत नाही. एकदा रीडिंग घ्यायचं, गाडी त्याच जागी उलट तोंडाने उभी करायची, चाकं त्याच चार खुणांवर, आणि पुन्हा रीडिंग घ्यायचं. उतारामुळे आलेला आकडा दुसऱ्या वेळी उलट्या चिन्हाने येतो. दोन्हींची सरासरी हे खरं शून्य. यासाठी लागतो खडू आणि वीस मिनिटं. ही वीस मिनिटं कोणालाच द्यायची नसतात, पण मग तीन रविवार जातात.

याच जातीची धाकटी चूक म्हणजे डबा दोन बाजूंच्या टेपने चिकटवणं. आत सेन्सर असलेला डबा मूळ जागी, मूळ दिशेने, स्क्रूने घट्ट हवा. चेन्नईच्या उन्हात बंद गाडीत टेप सैल पडते, आणि थरथरणारा डबा रस्ता खराब आहे असंच समजतो.

सगळे आकडे शंभरावर

नवशिक्याच्या हातात मॅपचं टेबल आलं की तो पहिल्यांदा सगळे खाने शंभर टक्के करतो. रेसिंगच्या गाड्या कडक असतात ना, मग कडक म्हणजे फास्ट. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. मी हे तुच्छतेने लिहीत नाही, कारण पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं.

जागा श्रीपेरुंबुदूरजवळचा, इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, साधारण ३.७ किलोमीटरचा. आदल्या रात्री हॉटेलात बसून मी सगळं शंभरावर नेलं. पहिल्या लॅपला वाटलं, वा, गाडी आता हलतच नाही. मग ब्रेक मारायच्या जागी, जिथे डांबरावर बारीक लाटा आहेत, एबीएस खडखडायला लागलं आणि गाडी थांबेना. वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक कर्बवर चढलं आणि हवेतच राहिलं. वेळ मूळ डब्यापेक्षा जास्त लागत होती. दुपारी शहाणपण सुचून कंपनीच्या मूळ मॅपशी मिळताजुळता मॅप परत टाकला, आणि सकाळपासून धडपडत होतो ती वेळ दुसऱ्याच लॅपला मिळाली. जेवणाच्या रांगेत एका जुन्या मेकॅनिकने विचारलं, "स्प्रिंग काढून लाकडी ठोकळा बसवला होतात का?"

घोटाळा कुठे होतो ते समजून घ्या. लांब वळणात गाडी शेवटी किती झुकणार हे स्प्रिंग आणि अँटीरोल बार (डावी-उजवी चाकं जोडणारा दांडा) ठरवतात. शॉकअप फक्त ती तिथपर्यंत किती लवकर पोचणार एवढंच ठरवतो. त्यामुळे डब्याचा खरा उपयोग वळणात शिरताना, ब्रेक दाबताना-सोडताना, गॅस देताना, त्या अर्ध्या सेकंदात आहे. दुसरं असं की बॉडी सेकंदाला दीड-दोनदा डुलते, चाक मात्र दहा ते पंधरा वेळा नाचू शकतं. बॉडी धरून ठेवायला कडकपणा मदत करतो, पण तोच चाकाला रस्ता सोडायला लावतो. जुन्या पद्धतीच्या शॉकअपमध्ये दाबलं जाणं आणि परत उलगडणं दोन्ही एकाच व्हॉल्व्हवर चालतात, म्हणजे एक वाढवलं की दुसरं आपोआप वाढतं. परत येणं जड झालं की लागोपाठच्या उंचवट्यांवर स्प्रिंगला उलगडायला वेळच मिळत नाही. गाडी हळूहळू खाली बसत बंपस्टॉपवर (शॉकअपच्या टोकाच्या रबरी ठोकळ्यावर) टेकते, आणि मालक म्हणतो अजून कडक करा.

मी सरळ रस्त्याचा खाना जवळपास मऊच ठेवतो. ब्रेकचं टेबल आणि वळणाचं टेबल दहा-दहा टक्क्यांनी वर नेतो, तेही एका वेळी एकच. एक लॅप टायर तापवायला, तीन वेळ लावून, एक थंड करायला. मग वहीत लिहायचं. मोबाइलमध्ये नाही, वहीत. मोबाइलमधल्या नोंदी मी कधी परत वाचलेल्या नाहीत.

आणि मॅपला हात लावायच्या आधी हवा. टायर दर १० अंशांनी तापला की साधारण दीड पीएसआय वाढते. सकाळी थंडीत भरलेली हवा दुपारी ट्रॅकवर कुठच्या कुठे गेलेली असते, आणि लोक मॅपमध्ये दोष शोधत बसतात.

उसने मॅप

इंटरनेटवर कोणीतरी आपला मॅप टाकतो, खाली दोनशे जण वाहवा करतात, आपला गडी तो जशाच्या तसा भरतो. तो मॅप ९११ चा असतो, जिचं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर, इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही पलीकडे. तुमची केमन, इंजिन मध्ये. त्याचे टायर जवळपास स्लिक (बिनखाचांचे), स्प्रिंग वेगळी, रस्ते जर्मनीतले. वाचा जरूर, विचार कळतो. आकडे घेऊ नका.

बाकीचं भराभर

कप्लर काढण्यापूर्वी किल्ली बंद, गाडी लॉक, दहा मिनिटं थांबा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. कप्लरचं लॉक ओढून तोडू नका, त्याला दाबायची एक जागा असते, टॉर्च लावून बघा.

मॅप भरताना बॅटरीला चार्जर हवाच. अर्ध्यात व्होल्टेज पडलं की डबा विटेसारखा पडून राहतो.

फॉल्ट कोड पुसण्याआधी लिहून घ्या. पुसून मग "काय होता ते आठवत नाही" म्हणणाऱ्यांचे फोन मी उचलत नाही.

वायर निघाली तर काय होईल हे गाडी उभी असताना बघून ठेवा. मॅग्नेराइडसारख्या शॉकअपमध्ये, जे २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलपासून रस्त्यावर आले, तेलात लोखंडाचे कण असतात. करंट गेला की तेल पातळ, गाडी मऊ. व्हॉल्व्हवाल्या काही शॉकअपमध्ये बरोबर उलटं होतं. आपलं कुठलं, हे शंभरच्या वेगाला कळण्यात मजा नाही.

गाडी खाली करून बंपस्टॉपवर बसवू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या गल्लीत तो एवढाच उंच आणि हातभर रुंद असतो.

ट्रॅकचा मॅप स्पोर्ट बटणावर, रस्त्याचा नॉर्मलवर, असं कायमचं ठरवून टाका. जुलैत खंडाळ्याच्या घाटात ओल्या वळणावर ट्रॅकचा मॅप तसाच राहिला होता एकदा. काही झालं नाही, पण खोपोलीला उतरून दोन चहा प्यालो.

आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅक डेला जायच्या आधी स्वतःची पॉलिसी वाचा, एजंटला विचारू नका.

शेवटचं म्हणजे मूळ डबा विकू नका. फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. गाडी विचित्र वागली की मी सगळ्यात आधी तो परत लावतो. त्रास तसाच राहिला तर दोष दुसरीकडे आहे हे चहा उकळायच्या आत कळतं. त्या साडेअकराच्या फोनवाल्याने आपला मूळ डबा दुसऱ्याच दिवशी विकून टाकला होता. मग माझ्याकडचा जुना उसना घेऊन गेला. दोन दिवसांत आणून देतो म्हणाला होता, दिवाळी होऊन गेली.