क्लेरिक आणि पॅलाडिनच्या कायदेशीर अधिकाराची हद्द कशी आखावी

टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या फँटसी गेममध्ये क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारा पुरोहित) किंवा पॅलाडिन (शपथबद्ध धर्मयोद्धा) घेणारा खेळाडू एक गोष्ट न विचारताच धरून चालतो: देवाने जखमा भरायची ताकद दिली, म्हणजे लोकांना पकडायची, त्यांची चौकशी करायची आणि शिक्षा द्यायची मुभाही दिली. जीएमनेही (खेळ चालवणारा गेम मास्टर) याबद्दल काही ठरवलेलं नसतं. मग तिसऱ्या-चौथ्या सेशनला (खेळाच्या बैठकीला) पॅलाडिन भर बाजारात कोणाचं तरी मुंडकं उडवतो, आणि कोतवालाने त्याला बेड्या घालायच्या की मुजरा करायचा यावर टेबलावर अर्धा तास वाद होतो. स्पेल, म्हणजे जादूचे मंत्र, देव देतो. अधिकार राजा, नगरसभा किंवा देवस्थान देतं. कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग कथा) सुरू होण्याआधी हा दुसरा भाग एका पानावर लिहून काढा आणि ते पान खेळाडूंनाही दाखवा.

पानावर प्रत्येक मोठ्या देवस्थानाबद्दल चार उत्तरं हवीत. हुकूम कोणावर चालतो: फक्त दीक्षा घेतलेल्यांवर, सगळ्या भक्तांवर, की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर? कुठे चालतो: देवळाच्या आवारात, देवस्थानाच्या इनाम गावांत, की सगळ्या राज्यात? कशाबद्दल चालतो: लग्न, मृत्युपत्र, शपथभंग आणि पाखंड एवढ्यापुरता, की खून आणि चोरीबद्दलही? आणि शिक्षा कोण बजावतं? पहिल्या तिघांना एकेक वाक्य पुरतं. चौथ्या उत्तरावर मात्र वेळ घालवा, कारण खेळातले बहुतेक पेच तिथेच पडतात.

इथे इतिहासातून एक तयार साचा मिळतो. मध्ययुगीन युरोपात चर्चची स्वतःची न्यायालयं होती आणि धर्मगुरूंवरचे खटले आपल्याचकडे चालावेत असा चर्चचा आग्रह होता. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११६४ मध्ये या सवलतीला लगाम घालायचा प्रयत्न केला; आर्चबिशप थॉमस बेकेट आडवा आला आणि ११७० मध्ये त्याच्याच कॅथेड्रलमध्ये त्याचा खून झाला. पुढे १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना देहदंड फर्मावायला मनाई केली. पाखंडाच्या खटल्यात चर्च दोषी ठरवायचं आणि माणसाला राजसत्तेच्या हवाली करायचं. खेळासाठी ही विभागणी फार उपयोगी आहे. क्लेरिक निवाडा देऊ शकतो, पण तलवार सरदाराच्या हातात आहे, म्हणजे प्रत्येक मोठ्या शिक्षेसाठी त्याला कोणाला तरी पटवावं लागतं. तिथे संवाद घडतो, सौदा घडतो, कधी नकारही मिळतो.

देवस्थानाच्या स्वतःच्या हातात मग काय उरतं? प्रायश्चित्त, दंड, बहिष्कार, आणि सर्वांत जड म्हणजे सगळ्या प्रदेशाचे धार्मिक विधी थांबवणं. पोपने १२०८ ते १२१४ इंग्लंडवर अशी बंदी घातली होती. जिथे प्रार्थनेने खरोखर जखमा भरतात तिथे तिचा अर्थ फारच भयंकर होतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच एका गेमच्या पाचव्या आवृत्तीत ‘रेझ डेड’ या मेलेल्याला जिवंत करणाऱ्या स्पेलने परत आणायचा माणूस मरून दहा दिवसांपेक्षा जास्त झालेले चालत नाहीत. देवस्थानाने दोन आठवडे दारं लावून घेतली, तर बंदीच्या पहिल्या दिवसांत मेलेल्यांसाठी तो मार्ग बंद. सरदाराचा मुलगा त्यात असेल, तर सैन्याशिवायही देवस्थान त्याला वाकवू शकतं. म्हणून हा अधिकार एकट्या पुरोहिताला देऊ नका. तो वरिष्ठांच्या सभेकडेच ठेवा.

आता पुरावा. ‘झोन ऑफ ट्रूथ’ हा खोटं बोलू न देणारा स्पेल मिळाला की खेळाडूंना वाटतं, खटला संपला. स्पेल वाचा. पंधरा फूट त्रिज्या, दहा मिनिटं, करिश्माचा (व्यक्तिमत्त्वाच्या जोराचा) सेव्हिंग थ्रो, म्हणजे स्पेलचा परिणाम टाळण्यासाठी फाशाची फेक. थ्रो फसला तर माणूस जाणूनबुजून खोटं बोलू शकत नाही, पण त्याला स्पेलची जाणीव असते आणि तो उत्तर टाळू शकतो किंवा फिरवून देऊ शकतो. थ्रो यशस्वी झाला की फसला, हे फक्त स्पेल टाकणाऱ्याला कळतं. म्हणजे कोर्टाला शेवटी क्लेरिकच्या शब्दावरच विश्वास ठेवायचा आहे, आणि तो क्लेरिक बहुधा फिर्यादीच्याच पार्टीतला (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतला) असतो. यावरून साधे नियम निघतात: न्यायालयात स्पेल टाकणारा दोन्ही बाजूंना मान्य असावा, प्रश्न आधी लिहून द्यावेत, आणि गप्प राहणं हा गुन्ह्याचा कबुलीजबाब धरू नये. आरोपी स्वतःला जे खरं वाटतं तेच सांगतो, हेही विसरू नका. चुकीची समजूत असलेला साक्षीदार थ्रो फसूनही चुकीचंच सांगेल.

प्रेताला बोलतं करणाऱ्या ‘स्पीक विथ डेड’लाही अशाच मर्यादा आहेत. प्रश्न पाचच. प्रेताला जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच कळतं, त्याच प्रेतावर दहा दिवस पुन्हा स्पेल टाकता येत नाही, आणि विचारणाऱ्याला शत्रू म्हणून ओळखलं तर खरं बोलायचं बंधन नाही. पाठीमागून वार झालेल्या माणसाला खुनी कोण, हे ठाऊकच नसेल. ‘डिटेक्ट इव्हिल अँड गुड’ तर या आवृत्तीत माणसाची नियत सांगतच नाही. सैतानी जीव, मृतात्मे, परीलोकातले जीव अशा प्रकारांचा तो सुगावा देतो. जुन्या आवृत्त्यांत पॅलाडिनला वाईट प्रवृत्ती जाणवायची. तुम्ही त्या खेळत असाल तर एक नियम ठळक लिहा: वाईट असणं हा गुन्हा नाही, गुन्हा करणं हा गुन्हा आहे. कंजूष, क्रूर सावकार वाईट दिसेल, पण आजच्या खुनात त्याचा हात असेलच असं नाही.

एक प्रसंग पायरीपायरीने घेऊ. पॅलाडिनला धान्याच्या व्यापाऱ्याच्या कोठारात विषारी पोती सापडतात. शहर राजाचं आहे, व्यापारी दुसऱ्या देवाचा भक्त आहे. पहिली तीन उत्तरं तपासा: माणूस बाहेरचा, जागा बाहेरची, गुन्हा राजाच्या कायद्यातला. पॅलाडिनला इथे सामान्य नागरिकाएवढाच हक्क आहे: घडत्या गुन्ह्यात माणूस अडवावा, पोती सील करावीत, कोतवालाला बोलवावं. त्याने व्यापाऱ्याला मारलं तर तो खून आहे आणि तसाच चालवा. पण हेच शहराबाहेर, देवस्थानाच्या इनाम गावात घडलं, तर तो व्यापाऱ्याला ताब्यात घेऊन मठाधिपतींसमोर उभं करू शकतो. फरक कुठल्या ओळीने पडला, हे खेळाडूला पानावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

आश्रयाचा हक्क ठेवायचा असेल तर मुदतीसह ठेवा. इंग्लंडमध्ये चर्चमध्ये शिरलेल्या गुन्हेगाराला चाळीस दिवस मिळायचे. त्यानंतर खटल्याला सामोरं जा, नाहीतर गुन्हा कबूल करून देश सोड. मुदत नसेल तर पार्टी प्रत्येक भानगडीनंतर देवळात जाऊन बसते आणि कथा तिथेच अडकते. देवळाला वेढा पडलाय आणि दिवस संपत आलेत, यातून मात्र दोन-तीन उत्तम सेशन निघतात.

पात्राला अधिकार द्यायचाच असेल तर कागदावर द्या: शिक्का असलेली सनद, तिच्यात हद्द, विषय आणि मुदत. हद्द ओलांडली की तिथल्या देवस्थानाचं पत्र लागेल. सनद हरवू शकते, चोरीला जाऊ शकते, कोणी खोटीही बनवू शकतं. पहिल्या लेव्हलच्या (नवख्या) पात्राला चौकशीपुरती सनद पुरे. अटकेचा अधिकार मोठी कामगिरी झाल्यावर यावा, म्हणजे त्याची किंमत राहते.

मर्यादा मोडली तर लगेच स्पेल काढून घेऊ नका. ही चूक सर्रास होते आणि खेळाडू रागावतो, ते रास्तच आहे. देव आणि देवस्थान वेगळे ठेवा. आधी तक्रार येते, मग बोलावणं, मग सनद स्थगित, शेवटी बहिष्कार. या सगळ्यात स्पेल चालूच राहू शकतात. देव ज्याच्यावर प्रसन्न आहे त्यालाच देवस्थानाने हाकलून दिलं, तर दोन्ही बाजूंना उत्तर द्यावं लागतं आणि क्लेरिक खेळणाऱ्याला करण्यासारखं खूप काही मिळतं. स्पेल जायचे असतील तर ते देवाच्या स्पष्ट आज्ञेचा भंग झाल्यावरच, आणि ती आज्ञा पात्र बनवतानाच खेळाडूला सांगितलेली हवी.

कॅम्पेन अर्ध्यावर असेल आणि पात्राला मोकळं रान मिळून गेलं असेल, तर आधी खेळाडूशी टेबलाबाहेर बोला. मग जगातच कारण घडवा: नव्या राणीचं फर्मान, दोन देवस्थानांतला करार, जुन्या सनदांची तपासणी. आधीच्या कृत्यांवर मागे जाऊन खटले भरू नका. नवा नियम फर्मानाच्या तारखेपासून लागू धरा.