प्रीमियम केबिनच्या कामात नवीन आहात? आधी झोपेचा हिशेब मांडा

विमान कंपनीच्या प्रॉडक्ट विभागात, म्हणजे प्रीमियम केबिनमधली (बिझनेस आणि फर्स्ट क्लास) सीट, जेवण आणि सेवा ठरवणाऱ्या विभागात, रुजू झाले तेव्हा पहिले काही महिने माझ्या डोक्यात फक्त सीट होती. कापड कुठलं, स्क्रीन केवढा, सीटला दार हवं की नको. इथे येणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. पण सीट हीच तुमच्या हातात सर्वांत कमी असलेली गोष्ट आहे. तिला गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्क्याची चाचणी द्यावी लागते, कापड आणि फोमला आगीच्या चाचण्या असतात. छोटासा कप्पा सरकवायचा म्हटलं तरी मंजुरीची कागदपत्रं पुन्हा सुरू. शिवाय बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी सीट ब्रिटिश एअरवेजने २००० मध्ये आणली, दाराचा सुइट, म्हणजे दार लावून बंद करता येणारी सीट, जेटब्लूने २०१४ मध्ये. आज या दोन्ही गोष्टी कितीतरी कंपन्यांकडे आहेत.

मग फरक कुठे पडतो? सात तासांची रात्रीची फ्लाइट घ्या. पहिला अर्धा तास वर चढण्यात जातो. तीन कोर्सचं जेवण, आवराआवर धरून दोन तास. उतरण्याआधी दीड तास नाश्त्यासाठी दिवे लागतात. उरले तीन तास. प्रवाशाने पैसे मोजले ते झोपायला मिळावं म्हणून, आणि आपण त्याला चार तास जागं ठेवतो, तेही पाहुणचार म्हणून!

हा हिशेब मांडल्यावर मला विमानतळावरचं लाउंज वेगळं दिसायला लागलं. तोवर मी त्याला सोफे आणि बुफे समजत होते. खरं तर रात्रीच्या फ्लाइटचं जेवण तिथेच व्हायला हवं, नीट ताटात वाढून आणि झटपट, म्हणजे विमानात बसल्यावर माणूस सरळ आडवा होईल. हे बोलायला सोपं आहे. लांब पल्ल्याच्या फ्लाइट्स एकापाठोपाठ सुटतात, त्यामुळे लाउंज दोन तास ओसंडून वाहतं आणि नंतर ओस पडतं. त्या दोन तासांत स्वयंपाकघर पुरं पडलं नाही, तर बाकीची सजावट व्यर्थ. दुसरी अडचण निरोपाची. प्रवासी लाउंजमध्ये सांगतो, 'मी जेवलोय, मला उठवू नका.' तो निरोप गेटवरून क्रूपर्यंत पोचतच नाही, आणि पहाटे कुणीतरी त्याला अगदी प्रेमाने हलवून ऑम्लेट विचारतं. माझ्या मते प्रीमियम सेवेची सर्वांत मोठी गळती इथे आहे.

एका रात्री मी शेवटच्या रांगेत बसून नोंदी घेत होते. गॅलीचा, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराचा, पडदा एका बाजूला चार बोटं अपुरा होता. क्रूचं कुणी पलीकडून गेलं की तो हलायचा आणि उजेडाची पट्टी पलीकडच्या सीटवरच्या बाईंच्या डोळ्यांवर पडायची. त्यांनी कूस बदलली. मग ब्लँकेट डोक्यावर ओढलं. शेवटी उठूनच बसल्या. सकाळी फीडबॅक फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'सीट आरामदायक नाही.' ऑफिसात बसून तो फॉर्म वाचला असता, तर मी सीटच्या फोमवर मीटिंग बोलावली असती.

जेवणाबाबतही ऑफिसातल्या चवीवर विसंबू नका. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितका असतो, हवेतली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली, आणि इंजिनांचा आवाज अखंड. त्यात खारट-गोड मंद लागतं, पण टोमॅटो, मशरूम यांची उमामी, म्हणजे खमंग, मुरलेली चव टिकते. त्यातच अन्न जमिनीवर शिजवून, थंड करून, वर ओव्हनमध्ये पुन्हा गरम होतं. म्हणून भाजलेल्या कोरड्या तुकड्यापेक्षा रस्सा असलेला पदार्थ वर जास्त चांगला लागतो. शेफ नाराज होतात, होऊ द्या.

हॉटेल, डिझाइन, इंजिनिअरिंग, केबिन क्रू, कुठूनही या कामात येता येतं. क्रूशी मात्र मनापासून बोला, आणि फ्लाइट संपल्या संपल्या नको. तेव्हा ते दमलेले असतात. प्रेझेंटेशन बनवायच्या आधी एक रात्रीची फ्लाइट मागून घ्या, गॅलीला लागून असलेली शेवटची रांग. वही आणि घड्याळ घेऊन बसा. दिवे कधी मालवले, कोण कधी झोपलं, कशाने जागं झालं, एवढंच लिहा.